बोरीचे मंजूर श्रोते

बोरीत कापडाची दोन दुकानं असती, तर ईश्वरअप्पांचं दुःख समजण्यासारखं होतं. पण दुकान एकच होतं आणि ते त्यांचंच होतं. बारशाचं टोपडं घ्या, लग्नाचं लुगडं घ्या, नाहीतर मयताचं पांढरं कापड घ्या, माणसाला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अप्पांच्याच ओट्यावर चढावं लागे. लोक चढतही. कापड उलगडून बघत, घासाघीस करत, घडी काखोटीला मारत आणि रस्ता ओलांडून समोरच्या बन्सीधरच्या किराणा दुकानापुढे फळीवर जाऊन बसत. अप्पांचं दुखणं ते होतं. कापड त्यांच्याकडचं आणि बैठक बन्सीधरकडची.

ती फळी तरी काय थाटाची असावी? मोडक्या गाडीची एक फळी, दोन धोंड्यांवर टाकलेली. तिसरा माणूस बसला की एक बाजू खाली जाई. बन्सीधर कोणाला पाणी विचारत नसे, सुपारी देत नसे, बोलतही बेताचंच असे. इकडे अप्पांच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी, दोन लोड, भिंतीवर बसवण्णांची तसबीर आणि कोपऱ्यात पितळेची पिकदाणी. त्या पिकदाणीत थुंकायलासुद्धा कोणी थांबत नसे. याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. अप्पांच्या गादीवर जो टेकेल त्याला अप्पांचं बोलणं ऐकावं लागे. ते बोलणं, अप्पांचे आजोबा येलदरीला पूर्णेच्या डोहावर गेले आणि त्यांना मगर दिसली, तिथून सुरू होई. मगर पाण्यात परत जाईपर्यंत ऐकणाऱ्याची भाकरीची वेळ टळून गेलेली असे. कारण ठाऊक नव्हतं ते एकट्या अप्पांना.

निजामाच्या राज्यातली, तेराशे अठ्ठेचाळीस फसलीच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या सुमाराची गोष्ट. अप्पा माल आणायला परभणीला गेले असताना त्यांना स्टेशनाजवळच्या एका बांगड्यांच्या दुकानापुढे चाळीस माणसं उभी दिसली. आत फोनो वाजत होता. गाणं कोणतं होतं ते अप्पांनी ऐकलं नाही, त्यांनी माणसं मोजली. चाळीसच्या चाळीस माणसं, तोंडं मिटून, दुकानाकडे बघत उभी. बन्सीधरच्या फळीवर जास्तीत जास्त सात मावतात, हेही त्यांनी तिथल्या तिथे आठवून घेतलं. त्याच आठवड्यात बदली झालेल्या एका अंमलदाराचं सामान लिलावात निघालं. अप्पांनी त्यातला फोनो, त्याचा पितळी कर्णा आणि नऊ तबकड्या घेतल्या आणि गवताच्या गाडीत, वर घोंगडी टाकून, नवरी आणावी तशा बोरीला आणल्या.

त्यांच्या बायकोने, महादेवीने, कर्ण्यात डोकावून पाहिलं. "ह्याच्यात काय ठेवायचं?"

"ठेवायचं न्हाई काही. ह्याच्यातून गाणं येतं. लोकं येतील ऐकायला."

"आनि बोलनार कोन? ही पेटी का तुमी?"

"पेटी."

"मंग येतील," महादेवी म्हणाली आणि आत निघून गेली. अप्पांना ते आशीर्वादासारखं वाटलं. त्यांना बऱ्याच गोष्टी आशीर्वादासारख्या वाटत.

आठवडी बाजाराच्या दिवशी फोनो ओट्यावर आला. बाजार सोडून सगळं गाव दुकानापुढे जमलं. पहिली तबकडी भजनाची लागली. तालमीतला आश्रुबा, वय वर्षं बावीस, पहिल्याच कडव्याला म्हणाला, "हे तर मठात रोज ऐकताव की. दुसरं लावा." दुसरी तबकडी नाटकातल्या एका नटीची, जरा लाडिक गळ्याची. ती लागताच पुढे बसलेल्या नागप्पांनी, म्हणजे गावातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत सोवळ्या गृहस्थांनी, कानांवर हात ठेवले. जागचे मात्र ते हलले नाहीत. बायका चिंचेखाली लांब उभ्या राहून हसल्या आणि निघून गेल्या. तिसऱ्या तबकडीला आश्रुबाने एका बाजूने आणि नागप्पांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. नऊपैकी एक तबकडी अशी पहिल्याच दिवशी मतभेदाला बळी पडली. लोक पांगले आणि पांगून कुठे गेले, तर समोर फळीवर. तिथे बसून त्यांनी फोनोची इतकी चर्चा केली की फळी धोंड्यावरून घसरली.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं कर्णा पूर्वेकडे करा, कोणी म्हणालं पेटीला लिंबू उतरवा. शेजारचे माणिकराव मात्र कोट घालून आले. माणिकराव महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे तपासणीस, होते. पेन्शनीत जाऊन आठ वर्षं झाली होती, पण कोट अजून नोकरीत होता. तो घातला की ते दुसऱ्याच्या घरातसुद्धा तपासणीला आल्यासारखे बसत.

"अप्पा, तुमी सगळ्यायला सगळं एकाच टायमाला द्यायलाव," ते म्हणाले. "म्हणून कुणालाच काही मिळंना. कचेरीत बगा. सकाळी जमिनीची कामं, दुपारी फौजदारीची. जमीनवाला दुपारी आला तर हाकलून देतेत. आधी लोकायची वर्गवारी करा. मंग कोण कव्हा मोकळा असतो ते बगा. मंग त्याला काय आवडतं ते."

"आनि मंग तो काय घेतो ते," अप्पा म्हणाले.

हे शेवटचं वाक्य अप्पांचं स्वतःचं होतं, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पुढे पन्नास-साठ वर्षांनी घरोघरी विजेच्या पेटीत चित्रं हलायला लागली. तेव्हा मोठमोठ्या शहरांतली शिकलेली माणसं गार हवेच्या खोल्यांत बसून, भल्या पगारावर, नेमकं हेच करत होती: दुपारी बायकांना रडवा म्हणजे साबण खपेल, संध्याकाळी पोरांना नाचवा म्हणजे फटफटी खपेल. त्यांना वाटलं हा शोध त्यांचाच. बोरीत तो एका कापडवाल्याने लावला होता आणि तोंडावर आपटून दाखवलाही होता. पण आधीच्याने आपटून दाखवल्यावर शहाणं होण्याची पद्धत या धंद्यात नाही.

अप्पांनी तीन दिवस खपून वेळापत्रक केलं. सकाळी, म्हाताऱ्यांची लिंगपूजा आणि न्याहारी आटोपली की, साठीच्या वरच्यांसाठी भजनं. माल: धोतर, उपरणं. दुपारी भांडी घासून झाली आणि चूल पुन्हा पेटायची असली, त्या मधल्या वेळात बायकांसाठी रडकी गाणी. माल: लुगडी, खण. संध्याकाळी दिवे लागताना पंचविशीच्या आतल्यांसाठी नटीचं गाणं आणि एक विनोदी संवाद. माल: पटके आणि सदऱ्याचं कापड. दर दोन तबकड्यांच्या मधे अप्पा स्वतः उभे राहून त्या त्या वेळेचा माल दाखवणार. याचा एक कागद त्यांनी दुकानात लावला आणि दुसरा, गावाला कळावं म्हणून, खळ लावून चावडीच्या भिंतीवर डकवला. हा दुसरा कागद लक्षात ठेवा. अप्पांनी ठेवला नाही.

सुरुवातीला सगळं नामी चाललं. सकाळी म्हातारे आले, लोडाला टेकले आणि पहिल्या अभंगाच्या आतच झोपले. नागप्पांचं घोरणं कर्ण्यातून आल्यासारखं ऐकू येई. पण आले, हे महत्त्वाचं. संध्याकाळी पोरं आली. दुपारी बायका आल्या. त्यांच्या पुढे धुरपताबाई असे. धुरपताबाई सहा सुनांची सासू. तिच्या मागून ज्या बाया निघत त्यांना घरी कोणी अडवत नसे. बायकांना आठांपैकी एकच तबकडी आवडली. तीत एक बाई दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघते आणि तो येत नाही. ती बायका रोज तीन वेळा लावायला सांगत आणि तो का येत नाही यावर बोलत. बोलणं इतकं रंगे की गाणं संपून सुई नुसती खरखरतेय हे कोणाच्या ध्यानात येत नसे. अप्पांनी याचा अर्थ गाणं फार आवडलंय असा लावला.

मालाच्या जाहिरातीचं मात्र जमेना. तबकडी संपून अप्पा उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला, की पोरं उठून बन्सीधरकडे पाणी प्यायला जात. बन्सीधरने आता पाण्याचा माठ ठेवला होता. पुढे त्याने फुटाण्यांची कढईही त्याच वेळेला चढवायला सुरुवात केली. फुटाण्यांचा वास आणि अप्पांचा आवाज एकाच वेळी सुटे. सुई टेकल्याचा आवाज आला की पोरं मूठभर फुटाणे घेऊन परत येत आणि अप्पांच्या गादीवर टरफलं सांडत. अप्पांनी जाहिरात लहान केली. मगरीचा सगळा मजकूर काढून टाकला. तरी पोरं जात.

पण एवढं सोसायला अप्पा तयार होते, कारण तबकडी वाजत असताना ते समोर बघत आणि फळी रिकामी दिसे. बन्सीधर एकटा बसून माशा हाकलत असे. अप्पांच्या उभ्या आयुष्यात हे दृश्य त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. ते दोन-दोनदा चष्मा पुसून बघत.

अशात तालुक्याचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे फौजदार, गस्तीवर बोरीला आले आणि चावडीवर चहा पिता पिता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्या काळी सभा-जलसा करायचा तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. चार माणसं कीर्तनाला जमली तरी पाटलाला घाम फुटे. आणि इथे भिंतीवर, सहीनिशी, रोज तीन जमाव जाहीर केलेले.

"रोज के तीन जलसे," अमीनसाहेब म्हणाले. "वक्त भी लिख दिया है. बहुत खूब. इजाजत किसकी?"

अप्पा म्हणाले, जलसा नाही, नुसता फोनो आहे. अमीनसाहेब म्हणाले, फोनोला पंचवीस वर्षांच्या आतले तरुण कशाला लागतात? याला अप्पांकडे उत्तर होतं, पण ते पटक्यांचं होतं. अर्ध्या तासात फोनोला लाखेचा शिक्का बसला. कर्णा अप्पांच्याच दुकानातल्या मांजरपाटात गुंडाळला गेला आणि दोन्ही वस्तू तालुक्याला रवाना झाल्या. बन्सीधरने चुगली केली असं अप्पा पुढे बरेच दिवस सांगत. बन्सीधरला लिहिता येत नव्हतं, आणि कागद चावडीवर कोणी डकवला हे त्याने कधी विचारलंही नाही.

मग परवानगीच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला माणिकराव कोट घालून बरोबर गेले. कचेरीत आपली ओळख आहे, एका शब्दाचं काम आहे, असं ते वाटभर सांगत होते. पेशकाराने, म्हणजे साहेबाच्या कारकुनाने, त्यांना "बडे मियाँ, सायेत बसो" म्हणून लिंबाखाली पाठवलं. परत येताना माणिकरावांनी कोट गाडीतच काढला. दुसऱ्या खेपेला कळलं की दरखास्त, म्हणजे अर्ज, उर्दूत पाहिजे. तिसऱ्या खेपेला अर्जनवीसाने ती लिहिली, पण अप्पांचं गाव बोरी लिहायचं ते झरी लिहिलं. झरी दुसऱ्या तालुक्यात, त्यामुळे कागद परभणीला गेला आणि महिन्याने, इथे असा फोनो नाही, असा शेरा घेऊन परत आला. चौथ्या खेपेला एकदाची पेशकाराच्या समोर सुनावणी झाली.

पेशकाराला प्रत्येक गाण्याचा मतलब लिहून हवा होता. "ये आठ नंबर का तवा. इस में क्या है?"

"एक बाई दारात उभी हाय," अप्पा म्हणाले. "नवऱ्याची वाट बघायली. तो येइना."

"कायकू नै आता?"

"ते गाण्यात सांगितलं न्हाई."

"फरार है?"

"तसं न्हाई हो. आला असता, पण न्हाई आला."

"कब से?"

अप्पांनी विचार केला. तबकडी दुसऱ्या बाजूनेही वाजत होती आणि तिथेही तो आलेला नव्हता. "लय दिस झाले," ते म्हणाले. पेशकाराने 'शौहर लापता, मुद्दत नामालूम' असं लिहिलं आणि बाईने ठाण्यात रपट दिली का ते विचारलं. भजनाच्या वेळी तर आणखीच पंचाईत झाली. भजनात भक्त देवाला म्हणतो, तुझ्यावाचून मला दुसरा धनी नाही. पेशकाराची लेखणी थांबली. दुसरा धनी नाही म्हणजे काय, तो तर एक आहेच आणि हैदराबादेत आहे. हा धनी फक्त मेल्यानंतरचा, असं अप्पांनी शपथेवर सांगितलं तेव्हा लेखणी पुढे सरकली.

मग श्रोत्यांचा रकाना आला. सकाळी कोण, दुपारी कोण, संध्याकाळी कोण. पेशकाराने सगळं नीट उतरवून घेतलं आणि सहज विचारलं, "और आप? आप कौनसे टैम सुनेंगे?"

हा प्रश्न त्याने चांगल्या मनाने विचारला होता. अप्पांनी नुसतं 'तिन्ही टायमाला' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चार खेपा झाल्या होत्या, फौजदारी आरोपीसारखं उभं राहून पाय दुखत होते, आणि या पाजी कारकुनाला आपण कोण ते एकदा समजलं पाहिजे असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी उपरणं सावरलं.

"मी ऐकत न्हाई," ते म्हणाले. "मी ऐकवतो."

पेशकाराने मान हलवली आणि तेही उतरवून घेतलं.

दीड महिन्याने परवानगी आली. ती घेऊन दाऊदमियाँ नावाचा पोलीस जवान आला, लांब मिशांचा, शांत डोक्याचा, निवृत्तीला आलेला. त्याचा मुक्काम आता बोरीतच होता. सगळ्या गावासमोर माणिकरावांनी कागद वाचला. उर्दू वाचणारे गावात ते एकटेच, त्यामुळे कोट पुन्हा अंगावर आला होता.

"लय चांगली परवानगी हाय," ते म्हणाले. "मोहर हाय. तुमचं येळापत्रक जशास तसं मंजूर. सकाळी साठीच्या वरचे, दुपारी बाया, संध्याकाळी पंचविशीच्या आतले. ज्याची येळ न्हाई त्यानं त्या येळेला दुकानात आन् ओट्यावर थांबू नये. थांबला तर जवानानं काढून द्यावा. फेरबदल करायचा तर पुन्हा दरखास्त."

"आनि फोनो?" अप्पांनी विचारलं.

माणिकरावांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "फोनोचं ह्याच्यात काही न्हाई. ही कागदाची मिसल लोकायची हाय. यंत्राची मिसल येगळी. ती चालू हाय म्हणायलेत."

म्हणजे ऐकायला परवानगी होती, ऐकणारे मंजूर होते, कोणी कधी ऐकायचं ते ठरलं होतं. वाजणारी वस्तू तेवढी कचेरीतल्या मालखान्यात होती. अप्पांनी स्वतःची समजूत घातली की फोनोच नाही तर येणार कोण. ते गादीवर बसून राहिले.

दुपारी धुरपताबाई आली. मागे सहा सुना आणि आळीतल्या आणखी नऊ-दहा जणी.

"फोनो न्हाई, बाई," अप्पा म्हणाले.

"म्हाईत हाय. येळ तर हाय की," धुरपताबाई गादीवर टेकत म्हणाली. "ह्या रोज निगायच्या म्हन्लं की घरोघरी इचारनारे दहा. कुटं चाल्लीस, कामून चाल्लीस. आज म्हन्लं, सरकारी येळ हाय, जावंच लागतं. कोनी तोंड उगडलं न्हाई."

दाऊदमियाँने कागद पाहिला, सूर्याकडे पाहिलं आणि अप्पांच्या खांद्याला हात लावला. "अप्पा, भार चलो. जनाने का टैम है."

"आवो, दुकान माझं हाय."

"दुकान तुमाराच है. टैम तुमारा नै."

अप्पांनी माणिकरावांना हाक मारली. माणिकरावांनी कागद पुन्हा वाचला आणि शेवटची ओळ बोट ठेवून दाखवली. दरखास्तदाराला ऐकण्याची गरज नाही, असं त्याने स्वतःच पेशकारासमोर सांगितलेलं होतं. अप्पा चप्पल शोधू लागले. आतून महादेवी आली, गादीवर बसली आणि लुगड्यांचा गठ्ठा तिने खाली ओढला. बाईमाणसाला कोणत्या रंगाचं लुगडं हवं हे ती पुरुषासमोर तासभर सांगत नाही, आणि बाईसमोर घटकाभरात सांगते. अप्पांनी दिवाळीपासून दाखवून न खपलेला हिरव्या काठांचा गठ्ठा दिवे लागायच्या आत निम्मा झाला. महादेवीने हे अप्पांना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मात्र लपवलंही नाही.

सकाळी म्हातारे आले. आता भजन नव्हतं, त्यामुळे त्यांना झोप चांगली लागली. नागप्पा उठल्यावर म्हणाले, "लय बरं वाटलं. मधी मधी त्ये आरडायचं." संध्याकाळी आश्रुबाची मंडळी आली आणि गादीवर पत्त्यांचा डाव बसला. घरी पत्ते दिसले की बाप काठी घेई. इथे पंचविशीच्या वरच्या बापाला ओट्यावर चढायची बंदी होती, आणि ती पाळायला सरकारने जवान दिला होता. अप्पांचं वय सेहेचाळीस. साठी यायला चौदा वर्षं होती, पंचविशी जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि दुपारचं तर काही विचारायलाच नको. वेळ बदलून मिळावी म्हणून त्यांनी दरखास्त केली. ती झरीच्या जुन्या मिसलीला जोडली गेली असं कळलं. हे सगळं आपल्याच दुकानात आपल्याच कागदाने चाललंय, याची त्यांना इतकी लाज वाटली की ते दिवसा चिंचेखाली उभे राहू लागले, जिथे पहिल्या दिवशी बायका उभ्या होत्या.

चार महिन्यांनी फोनो सुटून आला. अप्पांच्या जिवात जीव आला. त्यांनी शिक्का फोडला, कर्णा राखेने घासून लख्ख केला, आणि दुपारी, दाऊदमियाँच्या हातापाया पडून, चावी देऊन आठ नंबरची तबकडी लावण्यापुरते आत गेले. मग बाहेर येऊन चिंचेखाली थांबले. दारात उभी राहिलेली ती बाई पुन्हा गाऊ लागली. एक कडवं झालं. मग धुरपताबाई उठली आणि तिने सुई उचलून बाजूला ठेवली.

"अवो," महादेवीने आतून हाक दिली, "ही पेटी घेऊन जावा. ती बाई कव्हाची दारात उबी हाय, तिचं काही ठरंना. बोलूच देईना जरा."

कर्णा मात्र महादेवीने ठेवून घेतला. गादीशेजारी तोंड वर करून तो उभा केला आणि त्यात गज, कात्री आणि गुंडाळीच्या लाकडी पट्ट्या नीट बसल्या. काय ठेवायचं हा तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न होता, तो तिने सोडवला.

फोनोची पेटी छातीशी धरून अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ऊन तापलं होतं. समोर फळीवर पाच माणसं बसलेली होती, पंचविशी ते साठीमधली, ज्यांना अप्पांच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नव्हती ती. बन्सीधर थोडा सरकला.

"बसा अप्पा," तो म्हणाला. "हितं येळ लागत न्हाई."

अप्पांनी पेटी खाली ठेवली आणि ते बसले. फळीची एक बाजू आणखी खाली गेली. बन्सीधरने मूठभर फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक तोंडात टाकला, दुसरा टाकला. कोणीतरी आपल्याला बसा म्हटलंय याने त्यांना भरून आलं. भरून आलं की अप्पांना बोलावंसं वाटे. त्यांनी घसा साफ केला.

"आमचे आजोबा," ते म्हणाले, "एकदा येलदरीला गेल्ते. पूर्णेच्या डोहावर."

पहिल्या माणसाला बैलाला पाणी दाखवायचं राहिल्याचं आठवलं. दुसरा त्याला सोबत म्हणून उठला. मगरीने डोळे उघडले तेव्हा फळीवर तिघं होते, आणि तिने शेपूट हलवली तेव्हा बन्सीधरसुद्धा गुळाची ढेप बघायला आत गेला तो आलाच नाही. अप्पा बोलायचे थांबले. समोर त्यांचं दुकान ओट्यापर्यंत माणसांनी भरलेलं होतं, आत हसण्याचा आवाज चालला होता, आणि इकडे बन्सीधरची फळी मोकळी पडली होती. दोन वर्षांपूर्वी परभणीच्या स्टेशनाजवळ त्यांनी जे जे मनात धरलं होतं, ते सगळं आता झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि उरलेले फुटाणे एकट्यानेच खाल्ले.